लांडग्याचं नाव घ्यायचं

भामे,

तुला हार्ट अटॅक आला होता म्हणे. मला तरी ठाऊक नव्हतं. पण तुझ्या मयताच्या कागदावर तसं लिहिलंय, सहीशिक्क्यासकट, म्हणजे खरंच असणार. चौदा महिने जी गाठ घेऊन तू दवाखान्याच्या पायऱ्या चढलीस-उतरलीस, ती बहुतेक दुसऱ्याच कुणा बाईची असेल. तू आपली उगाच तिचं ओझं वाहिलंस. तुझा स्वभावच तसला.

हस की. एवढा वेळ कधी गप्प बसायची नाहीस तू.

आज सोळा दिवस झाले. दहावा झाला, तेरावा झाला, गोडाची पंगत उठली. मी दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या. रडून भूक लागते हे मला या वयात कळलं. तुझ्या घरी तुझा फोटो भिंतीवर लागलाय, तोही नेमका तुला न आवडणारा, निरोप समारंभातला, ज्यात तू शाल पांघरून वैतागलेली दिसतेस. तिथं गेलं की हाराआडून तू माझ्याकडंच बघतेस आणि मी चहा पिता पिता खुर्ची सरकवून घेते.

त्या सकाळी काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. तू तिथंच होतीस म्हणा, पण ऐकायच्या पलीकडं गेली होतीस. दूधवाला येऊन गेला होता. मी तुझ्या पायाचे अंगठे बांधत होते. गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळे बघितले आणि बाहेरच्या खोलीत बसून फॉर्म काढला. तेव्हा तुझा भाचा संतोष, भाऊ गेल्यावर ज्याला तू मुकुंदवाडीच्या घरात आणून वाढवलंस, शिकवलंस, तो डॉक्टरांच्या कानाशी वाकला. "डॉक्टरसाहेब, हार्टचं लिवा ना. माझ्या प्राजूचं लग्न जमत आलंय. पोराकडचे लई चौकस आहेत."

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी पेन थांबवलं. दारातून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही नोंदणीतल्या ना? तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणाले माहीत आहे? मी पाणी मागितलं. घटाघटा प्याले. ग्लास खाली ठेवेपर्यंत त्यांनी सही केली होती.

तर हा असा कबुलीजबाब आहे. स्मृतिलेख म्हणून लिहायला बसले खरी, पण तू किती थोर होतीस वगैरे मी लिहिणार नाही. थोर माणसं लई त्रास देतात.

हे वाचणारी जी चार माणसं असतील त्यांना सांगते, आपण दोघी कर्करोगाच्या नोंदणीत होतो. नोंदणी म्हणजे दवाखाना नव्हे. तिथं कुणाला बरं करत नाहीत, मोजतात. शहरात आणि भोवतालच्या गावांत नवीन कुणाला हा रोग झाला, कोण त्यानं गेलं, ते मी घरोघर, दवाखान्या-दवाखान्यातून, महापालिकेच्या जन्ममृत्यूच्या खिडकीतून गोळा करून आणायचे. तू ते तपासायचीस, जुळवायचीस आणि वर पाठवायचीस. देशभरातून अशा थोड्याच ठिकाणची माहिती जाते आणि त्यावरून सगळ्या देशाचा हिशेब लागतो. आज किती, पुढच्या पाच-दहा वर्षांत किती जणांना होईल, किती मरतील. पुढं पुढं तो अंदाज मांडणाऱ्या वरच्या चमूत तुलाही बोलावणं यायला लागलं. धनगराची पोर, बिडकीनच्या माळावर मेंढरांमागं चालत पाढे पाठ केलेली, विमानात बसून आकडे मांडायला जायची. परत आलीस की विमानातली बडीशेप मला आणून द्यायचीस. एवढीशी पुडी. मी म्हणायचे, देशाचा अंदाज मांडते आणि बडीशेप मात्र मोजून आणते.

आणि मी? चाळिशीला आलेली ती कमल मला आता कुठं भेटली तर मी रस्ता बदलीन. केसांना पहिली मेंदी, खांद्याला चकचकीत पर्स, पायात टाचेच्या चपला. असल्या चपला घालून बिडकीनच्या काळ्या चिखलात नोंदी गोळा करायला जाणारी बाई म्हणजे अकलेचा कांदाच. एक चप्पल तिथंच रुतून राहिली, अजून असेल. माझ्या नातीला मी ते सांगितलं तर म्हणते, "आजी, तू तेव्हा एवढी नखरेल होतीस?" नखरेल नव्हते गं बाई, मूर्ख होते. नखरे त्याच्यावर झाकण म्हणून होते.

हर्सूलची बाई आठवते? तुला तर ती शेवटपर्यंत आठवत होती, कारण मला खिजवायला तुला दुसरं काही लागायचंच नाही. एकाच महिन्यात माझ्या दोन नोंदी जास्त भरल्या म्हणून मी ऐटीत होते. तू कागदावर बोट ठेवून म्हणालीस, "कमळे, ह्या दोन बाया एकच आहेत."

"नावं वेगळी आहेत."

"एक माहेरचं, एक सासरचं. एका दवाखान्यात बापानं नेली, दुसऱ्यात नवऱ्यानं. वय तेच, दुखणं तेच. आणि ह्यातली एक तू मेलेली दाखवलीस."

"महापालिकेच्या यादीत नाव होतं की."

"नाव व्हतं. बाई हीच व्हती का? जाऊन बघ."

मी तणतणत हर्सूलला गेले. दारात एक बाई पिठाच्या हातानं आली. मी आवाज खाली आणून, मान तिरपी करून म्हणाले, "दवाखान्यातून आलेय. तुमच्याकडं सुंदराबाई वारल्या ना, त्यांची चौकशी करायची होती."

ती म्हणाली, "कोण वारलं?"

"सुंदराबाई."

"अगं बया," ती आत वळून ओरडली, "अहो, ऐकलं का, मी मेले म्हणं!" आतून नवऱ्याचा आवाज आला, "भाकरी टाकून जा म्हणावं." त्या दोघांनी मला बसवून घेतलं, गरम भाकरी आणि ठेचा खायला घातला. मेलेल्या बाईच्या हातचं मी जेवून आले. तिच्याच नावाची दुसरी कुणीतरी म्हातारी, दोन गल्ल्या पलीकडची, म्हातारपणानं गेली होती. ऑफिसात आले तर तू टेबलावर डोकं ठेवून हसत होतीस, खांदे हलत होते. मग एकदम डोकं वर काढलंस आणि म्हणालीस, "हसले खरी. पण जित्याला मेलं लिहिलं तर माणूस भांडायला तरी येतं. मेल्याचं खोटं लिहिलं तर कोण येणार भांडायला?"

तेव्हा मला ते वाक्य नुसतं तुझ्या तोंडाळपणाचं वाटलं.

आणखी एक तुझा जाच होता, माहिती देणाऱ्याच्या रकान्याचा. कुणी सांगितलं, त्याचं मयताशी नातं काय. मी घाईत असले की "इतर" लिहून मोकळी व्हायचे. तू कागद परत माझ्या अंगावर टाकायचीस. "इतर म्हंजे कोण? उद्या शंका आली तर इतरला कुठं गाठू? सांगणारं माणूस लागतंय कमळे, नावागावाचं." मी त्या रकान्यासाठी भर उन्हात परत फिरले आहे आणि वाटेत तुला ज्या शिव्या घातल्या आहेत त्या इथं लिहिता येत नाहीत.

हे सगळं तू तुझ्या बापाकडून शिकलीस, पुस्तकातून नाही. तूच सांगितलंस. इतरांची मेंढरं राखायला असायची त्यांच्याकडं. दिवस मावळायच्या आत कळप काट्यांच्या कुपाट्यात घालताना ते एकेक मोजायचे, आणि एखादं कमी भरलं तर धन्याकडं जाऊन सांगायचे, काय झालं ते. बाकीचे धनगर लांडग्याचं नाव घ्यायचे नाहीत. नाव घेतलं की येतो म्हणून. "त्यानं नेलं," "रानातल्यानं नेलं," असं म्हणायचे. किंवा सरळ सांगायचे, रोगानं मेलं, पुरून टाकलं. तुझे वडील मात्र धन्यासमोर उभे राहून म्हणायचे, "लांडग्यानं नेलं. अमक्या ओढ्यापाशी. माझं ध्यान चुकलं." तू लहानपणी विचारलंस, दादा, तुम्ही नाव का घेता? तर म्हणाले, "नाव नाय घेतलं तर उद्या कुत्रं कुठं बांधायचं ते कसं कळंल?"

तुझं सगळं शास्त्र एवढंच होतं. बाकी गुणाकार.

मला तू अंदाजाचं गणित शिकवलंस ते डब्याच्या सुट्टीत, भाताच्या डब्यावर. म्हणालीस, शितावरून भाताची परीक्षा करतो ना, तसंच. आपलं गाव म्हणजे शीत. वयाचे गट पाडायचे, कोणत्या वयात किती जणांना होतोय ते बघायचं, गेल्या वर्षांत ते कुठं सरकलंय ते बघायचं आणि पुढच्या वर्षी त्या त्या वयाची माणसं देशात किती असतील त्यानं गुणायचं. झाला अंदाज. मी म्हणाले, म्हणजे तू भविष्य सांगतेस, तुझ्यात आणि पोपटवाल्यात फरक काय? तू चिडलीस. "पोपटवाला म्हणतो, असं हुणार. मी म्हणते, असंच वागत राह्यलात तर असं हुईल. अंदाज खरा ठरला तर मी जिंकत नाय येडे, हरते."

आणि मग चमचा डब्यात आपटून म्हणालीस, "पण शीतच खोटं निघालं तर?"

तेव्हा मी भात खाण्यात गुंग होते. पुढच्याच उन्हाळ्यात ते खोटं शीत मी तुझ्या डब्यात घातलं.

माझी आक्का. माझी थोरली बहीण, मला अंगाखांद्यावर वाढवलेली. तिच्या छातीतली गाठ मीच पहिल्यांदा ओळखली, मीच दवाखान्यात नेली, आणि माझ्याच हातात ती गेली. तिची लेक सुरेखा तेव्हा पुण्याला वसतिगृहात शिकत होती. तिला आम्ही सांगितलं होतं, आईच्या छातीत पाणी झालंय. तिचं लग्न ठरत होतं. मेहुणे म्हणाले, "कमल, तू त्या खात्यातली आहेस. तूच डॉक्टरांना सांग, हार्टचं लिवा." आणि मी सांगितलं. मेहुण्यांनी नव्हे, मी. ओळख काढून, गोड बोलून, वर "आमच्याच खात्याचं काम असतं हो, मला माहीत आहे, चालतं" असं म्हणून. घरोघर जाऊन लोकांना "खरं सांगा, तुमचं नाव कुठं बाहेर जात नाही" असं शपथेवर सांगणारी बाई होते मी.

तुला महिन्याभरात कळलं. कळणारच. आक्काच्या आजाराची नोंद तुझ्या टेबलावर होती आणि मरणाच्या यादीत तिच्या नावापुढं हृदयविकार. तू मला ऑफिसात काही बोलली नाहीस. घरी आलीस, चपला न काढता दारातच उभी राहिलीस.

"कमळे, आक्काला काय झालं व्हतं?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत हाय. कागदाला माहीत नाय."

मी म्हणाले, पोरीचं लग्न आहे. तू म्हणालीस, लग्नं सगळ्यांच्याच घरी असतात. तू रोज ज्या दारांवर जातेस त्या प्रत्येक दारामागं एक लग्न असतं. मग मी ते वाक्य बोलले. आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "तुला ना नवरा ना लेकरू. तुला काय कळतंय लग्न मोडणं म्हणजे काय ते."

तू चपला काढलेल्याच नव्हत्यास, त्यामुळं जायला वेळ लागला नाही.

आपलं बोलणं तीन महिन्यांनी सुरू झालं, कामापुरतं, मग डब्यापुरतं, मग पहिल्यासारखं. पण त्या वाक्याची माफी मी मागितली नाही आणि तू आक्काचा विषय काढला नाहीस. एकदाच, वरच्या बैठकीहून आलीस तेव्हा बडीशेपेची पुडी माझ्यापुढं टाकून म्हणालीस, "साहेब म्हणाले, तुमच्याकडं आजारी ढिगानं दिसतात आणि मेलेले मूठभर. झकास काम चाललंय की तुमच्या दवाखान्यांचं. तपासणीची गाडी दुसऱ्या जिल्ह्याला देऊ या." मग खिडकीकडं बघत म्हणालीस, "एक तर आपले डॉक्टर देव असतील, नाहीतर आपण मढी झाकतोय." माझं नाव घेतलं नाहीस. पुडी मी तशीच पर्समध्ये ठेवली. ती कधी फोडली नाही.

सुरेखाचं लग्न झालं, थाटात. तीन वर्षांपूर्वी तिला गाठ आली. तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? ती म्हणाली, नाही. खोटं नाही बोलली ती, तिला खरंच नाही वाटत होतं. गाठ साधीच असेल, बघू पुढं, म्हणून सहा महिने गेले. नंतर जे काढायला लागलं ते सगळं काढलं. आता ती ठणठणीत आहे. आईचं खरं कळल्यापासून माझ्याशी बोलत नाही. शेवटचं बोलली ते फोनवर, "मावशी, मी नाही म्हणाले गं. तू असताना मी नाही म्हणाले."

हे मी तुला येऊन सांगितलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मला वाटलं आता तरी म्हणशील, बघ, मी सांगत होते. मी त्याच तयारीनं आले होते. तू ताट बाजूला सारलंस आणि मला चहा करून दिलास. भामे, त्या चहाचा मला फार राग आहे. तू मला बोलायला हवं होतंस. माझं देणं तू चहात बुडवलंस आणि आता मी ते कुणाकडं फेडू?

मग तुझी पाळी. गच्चीवर कुरडया घालत होतो आपण. सोऱ्या फिरवता फिरवता तू म्हणालीस, "कमळे, लांडगा आला." मी खाली गल्लीत बघितलं. येडी. तू माझा पिठाचा हात धरून पदराखाली नेलास आणि गाठ दाखवलीस. एवढी मोठी! "कधीपासून?" "चारेक महिने." चार महिने, भामे! देशाला सांगत फिरलीस, लवकर दाखवा, लवकर दाखवा. "का गप्प बसलीस?" तर म्हणालीस, "भ्याले." बस्स एवढंच. मी तुला एवढ्या वर्षांत कधी न घातलेल्या शिव्या त्या गच्चीवर घातल्या आणि तू शांतपणानं कुरडया घालत राहिलीस. त्या वाळल्या, पण तळल्या नाहीत कुणी. डबा अजून माझ्याकडं आहे.

नंतर तुझे केस गेले तेव्हा डोक्यावरून पदर घेऊन म्हणालीस, आता कशी मी पाटलीणबाई दिसते. दवाखान्यात रांगेत बसून बाकीच्या बायांची वयं विचारायचीस, गावं विचारायचीस. सवय. एकदा सलाइन चालू असताना डोळे मिटूनच म्हणालीस, "बारा-तेरा वर्षांमागं यंदाचा आकडा आम्ही मांडला व्हता. किती मरतील त्याचा. तवा लई नीट बसवला, दशांशापर्यंत." मग थोड्या वेळानं, "त्यातली एक मी व्हते की गं. मलाच मी मोजलं आणि मला कळलं नाय."

मी म्हणाले, अजून मेली नाहीस. तू म्हणालीस, अंदाज चांगला व्हता.

या चौदा महिन्यांत एकदाही तू मला म्हणाली नाहीस की कमळे, माझं खरं लिहून घे. सांगायची गरजच वाटली नाही तुला. आक्काचं माहीत असून, सुरेखाचं माहीत असून. एवढा विश्वास ठेवायचा नसतो गं कुणावर, आणि माझ्यावर तर नाहीच. मला बजावलं असतंस, शपथ घातली असतीस, तर त्या सकाळी कदाचित मी पाणी मागितलं नसतं. कदाचित मागितलंच असतं. चाळिशीतल्या त्या टाचेच्या चपलावालीला मी एवढी हसते, पण त्या सकाळी तीच माझ्या साडीत उभी होती.

आता कालचं सांगते.

काल दुपारी प्राजूला बघून गेलेल्या मुलाकडचे भेटायला आले. दुखवट्याचं भेटणं, पण बोलणी पुढं न्यायचं मनात. मुलगा, आई, वडील. संतोषनं मला मुद्दाम बोलावलं होतं, आत्याची जुनी मैत्रीण म्हणून. तुझ्या फोटोखाली आम्ही सगळे ओळीनं बसलो. प्राजू चहाचा ट्रे घेऊन आली. तेवढ्यात दारात एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. पल्लवी. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी घेतलेली. तुझ्या आजाराची फाइल उघडी होती आणि रुग्ण आहे की गेला ते बघायला ती नेमानं फिरते, मी फिरायचे तशीच. पोरगी हुशार. पाहुणे बघून रोगाचं नाव काढलं नाही. आपला जुना नियम, दारात नाव घ्यायचं नाही. म्हणाली, "दवाखान्यातून आलेय, भामाबाईंची चौकशी करायला."

संतोष पटकन उठला. "त्या वारल्या. हार्टनं. दाखला आहे, देऊ का?"

"नको, मग तसं लिहिते," पल्लवी म्हणाली. पण ती माझ्याकडं बघत होती. मी ठरवलं, उठायचं, तिला सोडायला म्हणून फाटकापर्यंत जायचं आणि तिथं हळूच सांगायचं. कुणाचं काही बिघडणार नाही. मी उठलेसुद्धा, गुडघ्यावर हात ठेवून.

तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "दवाखान्यातून का आल्या त्या? आजारी होत्या का बाई?"

आणि संतोष म्हणाला, "छे छे. आत्या एकदम धडधाकट होती. एक दिवस अंथरुणाला खिळली नाय."

धडधाकट. भामे, तो वाईट नाही. त्यानंच तुला उचलून संडासात नेलं, त्यानंच तुझी ओकारी पुसली, त्याच हातांनी. आणि आता त्याच तोंडानं तुझे चौदा महिने पुसले. तुझं टक्कल, तुझ्या तोंडातले फोड, ती गच्ची, "भ्याले" म्हणालीस ते, सगळं. तुझं मरण त्यांनी घेतलं ते मी पाणी पिऊन गिळलं होतं. पण ते दुखणंसुद्धा घ्यायला निघाले.

मी उभीच होते. म्हणाले, "स्तनाचा कर्करोग होता. डाव्या बाजूला. चौदा महिने होता. मी रोज बरोबर होते."

मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला, हळूच, आवाज होऊ न देता. मुलाचे वडील म्हणाले, बरं झालं कळलं, आणि ते तिघं पाच मिनिटांत उठले. मुलानं जाताना मागं वळून बघितलं, पण आई पुढं चालत होती. आज या वेळेपर्यंत त्यांचा फोन नाही. येईल असं मला वाटत नाही. प्राजू ट्रे धरून तशीच उभी होती आणि तिनं माझ्याकडं बघितलं. जन्मभर लोकांची तोंडं बघून खरं-खोटं ओळखायचं काम केलं मी, पण ते बघणं मला वाचता आलं नाही. ती मला दुवा देत होती की शाप, ते मी मरेपर्यंत धुंडाळीन. डॉक्टर सांगतात आत्याआजीच्या दुखण्याचं एवढं मनावर घेऊ नका, पण लोक डॉक्टरांचं कुठं ऐकतात? लग्न मोडणं म्हणजे काय हे तुला कळत नाही, असं मी म्हणाले होते ना? काल मला कळलं. मीच मोडलं बहुतेक.

संतोष एवढंच म्हणाला, "कमलमावशी, आत्याची मैत्रीण म्हणून मान ठेवला." दार उघडून धरलं.

फाटकापाशी पल्लवी थांबली होती. म्हणाली, "आजी, महापालिकेच्या दाखल्यावर हार्टच राहणार. डॉक्टरांनी स्वतःहून बदललं तरच. आमच्या फाइलीत मी कर्करोगानं मृत्यू असं लिहू शकते, पण माहिती देणाऱ्याचं नाव लागेल."

"लिही," मी म्हणाले. डॉक्टरांकडं मी उद्या जाणार आहे. पाणी घरूनच पिऊन जाईन.

पल्लवीनं टॅबवर बोट फिरवलं. वय विचारलं, तारीख विचारली, पत्ता विचारला. मी घडाघडा सांगितलं. मग ती अडखळली. "नातं काय टाकू? यादीत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण आहे."

"मैत्रीण," मी म्हणाले.

"मैत्रीण नाहीये आजी. इतर टाकू?"

भामे, तू हसली असशील. वीस वर्षं तू माझ्या अंगावर जो शब्द फेकलास, तो शेवटी मलाच येऊन चिकटला.

"टाक," मी म्हणाले. "पण त्याच्यापुढं माझं पूर्ण नाव लिही, घरचा पत्ता लिही. उद्या कुणाला शंका आली तर विचारायला माणूस लागतंय."